जुन्या फोनचा नंबर

मला आधी त्याचा फोन आवडला. तो नंतर.

चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत मी उंच खुर्चीवर बसले होते. नाकावर जड, गोल चौकट होती आणि तिच्यात तो एकेक काच सरकवत होता.

"हे बरं... की आधीचं?"

"आधीचं."

"आता?"

"सारखंच."

"अगदी सारखं कधी नसतं हो. नीट बघा."

मी नीट बघितलं, पण समोरच्या अक्षरांकडे नाही. टेबलावरचा त्याचा फोन नुकताच उजळला होता. जाडजूड, कोपऱ्यात तडा गेलेला, आता कुठे विकतही न मिळणारा. कितीतरी दिवस मी असा फोन शोधत होते.

"तुमचा फोन... जरा बघू का?"

काच धरलेला त्याचा हात हवेतच थांबला. "नंबर हवाय?"

"नंबर तर तुम्हीच काढताय ना?" मी म्हणाले. मग ट्यूब पेटली. "नाही, नाही! तो नंबर नको. मला ब्राउझर हवाय. जुना."

"असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. आवाजात थोडी निराशा होती. ती मी टिपली, अर्थ मात्र लावला नाही.

मी वेबसाइट बनवते. तेव्हा माझ्याकडे शहरातल्या बसच्या वेळापत्रकाचं काम होतं. आमच्या सरांचं म्हणणं, "हल्ली सगळे एकच ब्राउझर वापरतात. त्यात नीट दिसलं की झालं." मी फिजिक्स शिकलेली, 'सगळे' हा शब्द ऐकला की मला पुरावा लागतो. शिवाय वेबची भाषा कुणा एका कंपनीच्या बापाची नाही. तिचे नियम उघड्यावर लिहून ठेवलेले आहेत, कुणीही वाचावेत. त्यांना धरून लिहिलं की पान नव्या फोनवर उघडतं आणि जुन्यावरही. निदान उघडायला हवं.

दुकानाच्या वायफायवर मी त्याच्या फोनमध्ये ते वेळापत्रक उघडलं. सगळ्या वेळा एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. शहरातल्या झाडून सगळ्या बस जणू एकदमच सुटत होत्या.

"वा!" मी म्हणाले.

"मोडलंय ना हे?"

"पार."

"मग एवढ्या खूश का?"

"कुठे मोडतं ते कळलं ना!"

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे तपासताना बघत होता, तसा नाही.

नंतर चष्मा तयार झाला, मी तो आणला, तरी दुकानात जाणं चालूच राहिलं. पानात काही बदललं की मी जायची. गिऱ्हाईक नसेल तर तो काउंटरवर तो फोन ठेवायचा. त्याच्या बोटांना काच पुसायच्या पाण्याचा हलका, थंड वास असायचा. आता त्याचा प्रश्न मी विचारायची... "हे बरं, की आधीचं?" आणि तो मुद्दाम वेळ लावायचा.

"आधीच्यात अक्षरं मोठी होती. पण आता... परत दाखवा बरं?"

एकदा त्याने विचारलं, "जुन्या ब्राउझरला नवी आज्ञा कळली नाही, तर तो काय करतो?"

"काहीच नाही. तेवढी ओळ गुपचूप सोडतो आणि पुढे जातो."

"तक्रार नाही, काही नाही?"

"अवाक्षर नाही. म्हणून आधी साधं लिहायचं, सगळ्यांना कळेल असं. नटवायचं ते नंतर."

"हं..." तो म्हणाला. थोड्या वेळाने काच पुसता पुसता म्हणाला, "तुम्ही आलात की दुकानात उजेड जास्त वाटतो."

मी वर बघितलं. "ट्यूबलाइट बदलली का?"

"नाही," तो म्हणाला आणि तीच काच पुन्हा पुसायला लागला.

घरी ताईने हटकलं. "कुठे होतीस?"

"चष्म्याच्या दुकानात."

"चष्मा तर नाकावर आहे तुझ्या!"

"टेस्टिंग होतं."

"कोण कुणाला टेस्ट करतंय?" ताईने हातातले कपडे बाजूला ठेवले. मी सगळं सांगितलं, ट्यूबलाइटसकट. ताईने कपाळावर हात मारला. "अगं ए शहाणे! तो ट्यूबलाइटबद्दल बोलत होता होय?"

म्हणजे एक ओळ आली होती आणि मी ती गुपचूप सोडून पुढे गेले होते. किती ओळी अशा सोडल्या असतील... हे मोजायला माझ्याकडे काही साधन नव्हतं.

त्यानंतर काम मला नको तितकं भराभर व्हायला लागलं. वेळा आपापल्या रांगेत आल्या. नकाशा उघडेना, तिथे थांब्यांची नावं दिसू लागली. सर म्हणाले, "शाबास, आता चढवून टाक." एकच गोष्ट राहिली होती. पानाच्या खाली डेपोचा फोन नंबर होता. त्यावर बोट ठेवलं की थेट फोन लागायला हवा. तेवढं तपासलं की संपलं. आणि मग त्या दुकानात जायला मला कारण उरणार नव्हतं. डोळ्यांचा नंबर काही दर आठवड्याला वाढत नाही.

डेपोला उगीच त्रास नको म्हणून चाचणीच्या पानावर मी माझाच नंबर घातला.

"यावर बोट ठेवा," मी म्हणाले. "माझा फोन वाजेल."

"आत्ताच?"

"मग कधी?"

तो घुटमळला. "उद्या केलं तर... नाही का चालणार?"

"शेवटचंच आहे हो."

"म्हणूनच," तो अगदी हळू म्हणाला. पण त्याने बोट ठेवलं.

माझा फोन वाजला नाही. त्याने पुन्हा ठेवलं. तरी नाही. मी कामाला लागले. नंबर बरोबर होता, ओळ नियमाप्रमाणे होती, नंबर डायल करायचा पडदाही उघडत होता. चूक माझ्याकडे नव्हती. मी फोन जवळ ओढून वरच्या पट्टीकडे बघितलं. इतके दिवस मी फक्त पानाकडे बघत होते.

"यात सिमच नाही."

तो काच पुसायच्या फडक्याची घडी घालायला लागला.

"सिम कुठाय?"

त्याने ड्रॉवर उघडला. आत एक नवा, चकचकीत फोन होता.

"हा कधी घेतलात?"

"तुम्ही दुसऱ्यांदा आलात ना... त्याच्या आधी."

"आणि हा जुना?"

"रोज सकाळी चार्ज करतो. म्हटलं, तुम्ही आलात आणि हा बंद असला तर..." त्याचे कान लाल झाले होते. "याच्याशिवाय तुम्ही इथे कशाला याल?"

मी नुसता चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. तो स्वच्छच होता.

त्याने नवा फोन उचलला, जुन्याच्या पडद्यावरचा नंबर बघत बघत एकेक आकडा दाबला. माझा फोन वाजला. आमच्या दोघांत फक्त काउंटर होता. मी फोन कानाला लावला.

"हॅलो," मी म्हणाले.

"हॅलो. उजेडाचं राहू दे, तुला कळलं नव्हतं," तो म्हणाला. कानातही आणि समोरही. "आधी साधं सांगतो. मला तू आवडतेस. नटवायचं ते नंतर."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं मला लगेच कळलं. ही ओळ मी सोडली नाही.

"ऐकतेयस ना?" त्याने विचारलं. "हे बरं... की आधीचं?"

सारखं आहे, असं या वेळी म्हणता येणार नव्हतं.

"हे," मी म्हणाले आणि फोन चालूच ठेवला.