प्योकाकांना दोन नमस्कार

"नुसतं पकडून देऊन भागणार नाही," दाओन म्हणाली. "सगळ्यांसमोर घाम फुटला पाहिजे त्याला."

सोलहून सुट्टीला आलेला तिचा चुलतभाऊ ग्युजिन कलिंगड खात होता. एरवी त्याला गाव कंटाळवाणं वाटे. आज वाटत नव्हतं.

पावसाने टेकडीवरचं गोर्यो राजवटीतलं, आठेकशे वर्षांपूर्वीचं थडगं खचलं आणि आतून एक हिरवट वाडगा डोकावला. अंगावर पांढऱ्या मातीचे क्रौंच जडवलेले. राखणदार आजोबांनी लगेच सरपंचांना कळवलं. सरपंच म्हणाले, "जेवून येतो." ते जेवून, झोपून आले तेव्हा वाडगा गायब. संशयासाठी आजोबाच सोयीचे पडले. त्यांची राखणदारी गेली आणि लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले.

आता जुन्या वस्तूंचे व्यापारी प्योकाका आपल्या साठीच्या मेजवानीत तसाच वाडगा मिरवणार होते. म्हणे, आजीचा. ती त्यातूनच भरवायची.

"मग त्यांच्या दारात मीठ का टाकलंय?" ग्युजिन म्हणाला. "ते तर मयताहून आल्यावर, भूत मागे येऊ नये म्हणून टाकतात."

दाओनने बी थुंकली. "चल. काकांना भरवू."

मेजवानीला सगळं गाव होतं. दाओनने मधोमध मांडलेल्या वाडग्यात भात वाढला. "घ्या काका. आजीची आठवण."

"पोट भरलंय गं."

"अहो, पोरगी एवढ्या प्रेमानं देतेय," सरपंच म्हणाले.

काकांचा हात चमच्यापर्यंत गेला आणि परत आला. तेव्हा दाओननेच चमचा उचलला आणि मृतांच्या पानावर खोचतात तसा भातात उभा खोचला. तिने आणि ग्युजिनने वाकून नमस्कार केला. मग दुसरा.

"दोनदा?" काका ओरडले. "मी काय मेलोय?"

"तुम्हाला नाही काका. वाडग्याच्या मालकाला. ते तुमच्या मागे उभे आहेत."

"त्यांना सांग, आजच परत ठेवतो! होता तिथेच!"

"होता तिथे म्हणजे कुठे?" सरपंचांनी विचारलं. त्या उन्हाळ्यातला त्यांचा हा पहिला उपयोगी प्रश्न.

दुसऱ्या दिवशी, पोलिसांच्या गाडीत बसण्याआधी, प्योकाकांनी थडग्यापुढे दोन नमस्कार केले. मग आजोबांपुढे एक. घाबरून ते पुन्हा वाकू लागले.

"एकच," दाओन म्हणाली. "आजोबा जिवंत आहेत."

सरपंचांनी आजोबांच्या हाती राखणदारीची किल्ली परत दिली आणि मुलांची पाठ थोपटली. "शाब्बास! मला तर पहिल्यापासूनच संशय होता."

आजोबांनी किल्ली खिशात टाकली.

"जेवलात का, सरपंच?" त्यांनी विचारलं.