तीन डिस्कची खिरापत

गच्चीवर भोंडल्याचा फेर ऐन रंगात आला होता आणि आई गाता गाता मध्येच थांबली.

म्हणजे आईचा आवाज थांबला. आई स्वतः होती चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, तिथल्या रेडिओ दुर्बिणीवर (आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारं यंत्र) कामाला. तिथून घरी बोलणं आठवड्यातून एकदाच व्हायचं. म्हणून जाण्यापूर्वी तिने भोंडल्याची सगळी गाणी घरच्या कॉम्प्युटरमध्ये गाऊन ठेवली होती. शेवटचं गाणं तर तिने खास निहिरासाठी रचलं होतं आणि निहिराने ते आजच्यासाठी न ऐकता राखून ठेवलं होतं. आता तेच गेलं की काय?

चूक निहिराचीच होती. भोंडल्यात मधोमध पाटावर हत्ती काढून ठेवतात. तिला वाटलं, गाणी ज्यातून येतात तोच आपला हत्ती! तिने कॉम्प्युटरच्या पेटीवर खडूने झकास सोंड काढली, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि पेटी पाटावर बसवली. पाट डगमगत होता, पण तिकडे बघतंय कोण? फेर धरताना कुणाचा तरी पाय लागला आणि हत्ती सोंडेवर आपटला. आतून टक् टक् आवाज येऊ लागला.

घरकाम करणारा गुंड्या रोबो तुरुतुरु आला. पेटी तपासून म्हणाला, "तीनपैकी एक हार्ड डिस्क गेली. काहीही हरवलेलं नाही."

"डिस्क गेली आणि काही हरवलं नाही? असं कसं होईल रे?" निहिराचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आत्याआजी खिरापतीचे डबे घेऊन गच्चीवर आली. ही बाबांची आत्या. तिची उभी हयात कॉम्प्युटर बनवण्यात गेली होती.

"अगं, रडतेस काय? कॉम्प्युटर घेताना माझ्यावर रुसली होतीस, आठवतं?"

"मी एकच मोठी डिस्क घे म्हणत होते. तू तीन मध्यम घेतल्यास."

"हार्ड डिस्क म्हणजे गरगर फिरणारी तबकडी. तिच्या अगदी जवळून एक टोक लिहीत-वाचत जातं. धक्का बसला की ओरखडा पडतो. एकच मोठी असती तर आज सगळ्यावर पाणी पडलं असतं."

"मग दोन घ्यायच्या आणि दोन्हींवर तेच लिहायचं," निहिरा नाक पुसत म्हणाली.

"शाब्बास! त्याला मिररिंग म्हणतात (आरशासारखी हुबेहूब दुसरी प्रत). पण त्यात दोन डिस्क घेऊन जागा मिळते एकीचीच. मला जरा काटकसर सुचली. हे बघ."

तिने तीन डबे ओळीने मांडले. "पहिल्या दोघांत लाडू आहेत. तिसरा रिकामा, पण त्याच्या झाकणावर मी खडूने दोघांची बेरीज लिहिते. बारा. गुंड्या, दुसरा डबा पळव!"

गुंड्याने तो आनंदाने पळवला. निहिराने पहिला उघडला. आत सात लाडू होते.

"पळवलेल्यात किती?"

"पाच!"

"न उघडता कळलं?"

"बारातून सात गेले की..." निहिरा थबकली आणि मग ओरडलीच, "म्हणजे गेलेल्या डिस्कवर काय होतं, ते उरलेल्या दोघींवरून काढता येतं! आणि तिसरा डबा पळवला तरी बिघडत नाही. लाडू आपल्याकडेच, बेरीज पुन्हा करायची!"

"हीच पॅरिटी (सम-विषमाची खूण). कॉम्प्युटरला शून्य आणि एक एवढेच अंक येतात. म्हणून तो मोठी बेरीज करत नाही, दोघींवरचे एकचे अंक मिळून सम होतात की विषम, तेवढं लिहितो. ही खूण तो तिघींवर पाळीपाळीने ठेवतो."

"आणि दोन डबे पळवले तर?" गुंड्याने खट्याळपणे विचारलं.

"तर बोंबला! म्हणूनच मी तिन्ही सारख्या मापाच्या, पण वेगवेगळ्या वेळी बनलेल्या घेतल्या. एका घाण्यातल्या चकल्या एकदमच करपतात."

पेटी आता जमिनीवर, दुहेरी घडीच्या गोधडीवर बसली. निहिराने जीव मुठीत धरून बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. आत दोन डिस्क तिसरीचा हिशेब मांडत होत्या. आणि मग आईचा आवाज आला, अगदी स्वच्छ:

"चंद्राच्या पाठीशी आई गं दडली,
ओळख गं निहिरा, खिरापत कसली?"

"लाडू!" साऱ्या मुली एका सुरात ओरडल्या. निहिराला हसू आणि रडू एकदमच आलं. फेर पुन्हा सुरू झाला, या वेळी हत्तीपासून चार हात लांबून.

"नवी डिस्क बसवली की गुंड्या तिच्यावर सगळं पुन्हा भरेल," लाडू वाटताना आत्याआजी म्हणाली.

"पण आजी, अख्खी पेटीच फुटली तर?"

आत्याआजीचा चेहरा खुलला. "आता कसं बोललीस! त्यासाठी एक प्रत घराबाहेरच हवी."

निहिराने वर पाहिलं. नवरात्रातला चंद्र सोसायटीच्या टाकीवर आला होता. पुढच्या वेळी आईशी बोलताना ती सगळी गाणी तिच्याकडे पाठवणार होती. सोबत गुंड्याने टिपलेला आजचा फेर, मुलींचा गलका आणि हत्ती आपटल्याचा आवाजसुद्धा. मग इथले तिन्ही डबे कुणी पळवले, तरी चौथा आईपाशी राहणार होता.