पॉलिश ओलं असताना

गच्चीवर बसायचं असेल तर आधी ते मोबाईलचे उजेड बंद करा. लाईन मध्यरात्रीनंतर येणार, तोवर मोटार चालू होत नाही, आणि झोपलात तर उसाला पाणी कोण देणार, तुमचा आजा? जागायचंच आहे तर ऐका. पण मधे बोलायचं नाही.

मी आयुष्यभर एस्टी चालवली. रात्रीच्या गाड्या नेल्या, घाटात एकटा बंद पडलो. मला कधी भूत दिसलं नाही. कुणी सांगितलं तर मीच त्याची खिल्ली उडवायचो. पण बद्रीनाथचं ऐकलं तेव्हा नाही उडवली. आधीचं त्यानं सांगितलेलं आहे, शेवटचं मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बद्रीनाथ म्हणजे माझा शाळेतला जोडीदार. आष्टीच्या बाहेर, शिरूर कासारच्या रस्त्याला त्याचं दुकान होतं. गावाची वस्ती संपते आणि मग पुढं नुसता माळ, त्या शेवटच्या जागी. जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा आणि त्यांच्या लाकडी पेट्यांना पॉलिशही स्वतःच करायचा. हल्ली कोण करतं ते? तुम्ही वस्तू बिघडली की फेकता.

लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, ते साल. आठवतं का? तुम्ही चड्डीत होतात तेव्हा. एप्रिलमध्ये बद्रीनाथ टेम्पो घेऊन कडा गावी गेला. तिथं सुंदरराव म्हणून एका दूध संस्थेचे चेअरमन. त्यांच्या वडिलांनी ती संस्था काढलेली. वडिलांचा रेडिओग्राम कोठीत धूळ खात पडला होता. रेडिओग्राम म्हणजे कमरेएवढं लाकडी कपाट, आत रेडिओ, आणि वरचं झाकण उघडलं की तबकडी वाजवायची सोय. एक मे रोजी संस्थेच्या नव्या ऑफिसात वडिलांच्या फोटोशेजारी तो ठेवायचा, आणि वाजलाही पाहिजे, असा सुंदररावांचा हट्ट. गुरं छावणीत, दूध निम्म्यावर आलेलं, पण कार्यक्रम व्हायलाच पाहिजे. चेअरमन लोकांचं असंच असतं.

बद्रीनाथला मात्र ते काम लई आवडलं. त्यानं आतली धूळ ब्रशनं काढली, आवाज वाढवताना खरखर यायची ती घालवली, तबकडी फिरवणारं झिजलेलं रबरी चाक बदललं, नवी सुई बसवली. मग लाकूड. कोपरे उडालेले होते तिथं रंगीत लाख वितळवून भरली, घासून सपाट केली. आणि वरून चपड्याचं पॉलिश. चपडा म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. त्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या आणि कापसाच्या बोळ्यानं हात न थांबवता फिरवायच्या. हात थांबला की डाग.

या पॉलिशचा एक वैरी आहे. पाणी. ओल्या पॉलिशला ओलावा लागला की ते पांढरं पडतं. ओला पेला टेकवला की पांढरं कडं उठतं. म्हणून बद्रीनाथच्या उस्तादानं त्याला नियम घालून दिला होता: शेवटचा हात मारला की दार लावून घ्यायचं, पॉलिश सुकेपर्यंत खोलीत पाण्याचा थेंब हलवायचा नाही. दुकानात माठ होता. तो बद्रीनाथ त्या वेळी गोणपाटानं झाकून ठेवायचा. स्वतःही प्यायचा नाही.

हनुमान जयंतीचा दुसरा दिवस. शनिवार. दिवेलागणीला त्यानं शेवटचा हात मारला आणि दार लावलं. तेवढ्यात कडी वाजली.

"दादा, वाईच पाणी हाय का?"

बाईचा आवाज. यानं फटीतून पाहिलं. हातात रिकामा कॅन. पलीकडं रस्त्याच्या कडेला ऊसतोड्यांचा ट्रक उभा, चाक काढलेलं. हंगाम उरकून गावाकडं निघालेले लोक, दिवसभर उघड्या ट्रकमध्ये तापलेले.

याच्या मागं माठ भरलेला होता. सकाळीच टँकरचं पाणी भरलं होतं. पण दार उघडलं तर रस्त्यावरची धूळ आत येणार, ओल्या झाकणावर बसणार. माठ उघडायचा, पाणी ओतायचं, कॅन भरायचा... हा आतूनच म्हणाला,

"पाणी न्हाई इथं. पुढं जा."

पुढं काय होतं? पुढं माळ होता. हे त्याला ठाऊक होतं. तो मला म्हणाला, "त्रिंबक, मला ठाऊक व्हतं रे. तोंडातून निघून गेलं, आन् मंग मला वाटलं आता कसं उघडायचं."

बाई थोडा वेळ उभी राहिली. मग चपलांचा आवाज दूर गेला. घटकाभरानं ट्रकही गेला.

रविवारी सकाळी यानं दुकान उघडलं. झाकण आरशासारखं आलेलं, आणि बरोबर मधोमध पांढरं कडं. पेल्याच्या बुडाएवढं. यानं डोक्यावर हात मारला. कुणी ठेवला पेला? किल्ली तर याच्याच कमरेला. वाटलं, आपल्याच हातून काही चुकलं. स्पिरिटचा बोळा हलका फिरवून कडं घालवलं. सोमवारी सकाळी पुन्हा तिथंच. तेवढंच.

त्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं. शनिवारी रात्री ऊसतोड्यांच्या ट्रकमध्ये एक बाई गेली. शिरूर कासारकडची. बायनाबाई नाव. ऊन लागलं, अंगात पाणीच राहिलं नव्हतं म्हणाले दवाखान्यात. याच रस्त्यानं गेला होता ट्रक, पंक्चर काढून.

बद्रीनाथच्या हातातला चहा तसाच राहिला. दुकानात आला, माठ उचलून घरी नेऊन ठेवला. पुन्हा कडं घालवलं. आणि रात्री दुकानातच बसला. का बसला ते त्यालाही सांगता येईना. म्हणाला, घरी बसवत नव्हतं.

हसू नको बे. ऐक.

सोमवारची रात्र. चंद्र उशिरा उगवलेला. दहाच्या पुढं लाईन गेली. यानं मेणबत्ती लावली नाही, पॉलिशच्या खोलीत स्पिरिट असतं. खिडकीतून चांदणं येत होतं तेवढंच. रेडिओग्रामची पिन यानं सकाळीच काढून ठेवलेली.

बऱ्याच वेळानं कडी वाजली.

हळू. एकदाच.

"दादा..."

तोच आवाज. पण कोरडा. घसा सोलून निघाल्यासारखा.

"वाईच पाणी..."

हा उठला. दाराशी गेला, कडी काढली, दार उघडलं.

रस्ता. चांदणं. कोणी नाही.

मागं काहीतरी उजळलं.

हा वळला. रेडिओग्रामची काच पिवळी झालेली. लाईन नव्हती. पिन जमिनीवर लोळत होती. तरी काचेमागचा दिवा लागलेला. झाकण उघडं. रिकामी तबकडी फिरत होती. सुई आपोआप उचलली गेली... आणि खाली टेकली.

आधी नुसती खरखर.

मग माणसाचा आवाज.

"पाणी न्हाई इथं. पुढं जा."

तो बद्रीनाथचा आवाज होता.

रेडिओग्राम ऐकवतो रे पोरांनो. तो कुणाचं बोलणं साठवून ठेवत नाही. तशी सोयच नसते त्यात.

खरखर...

"पुढं जा."

खरखर...

"पुढं जा."

मग थांबलं. दिवा विझला. यानं चाचपडत जाऊन झाकण मिटलं. हाताला ओलं लागलं. झाकणावर कडं नव्हतं या वेळी. पाणी होतं. गोल. थंडगार. आणि दुकानात त्या रात्री पाण्याचा थेंब नव्हता.

सकाळपर्यंत ते लाकडात मुरलं, आणि ते कडं पुन्हा कधी निघालं नाही. यानं पॉलिश खरवडून पार लाकडापर्यंत जाऊन पाहिलं. शेवटी सुंदररावांना भीत भीत दाखवलं. त्यांनी त्यावर फुलदाणी ठेवली आणि म्हणाले, "एवढं कोण बघतंय?" कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या. रेडिओग्राम छान वाजला म्हणे.

पण बद्रीनाथचं अन्न गेलं. कार्यक्रमानंतरच्या बुधवारी तो शोधत शोधत शिरूर कासारच्या अलीकडं, बायनाबाईच्या वस्तीवर गेला. पाय धरायचे, सगळं सांगायचं, मग त्यांनी मारलं तरी चालेल, असं ठरवूनच गेला. तिचा नवरा सटवा ओट्यावर डोकं भादरून बसलेला. यानं नुसतं सांगितलं, मी आष्टीचा रेडिओवाला. आणि सटवानं उठून याचेच पाय धरले.

"तुमीच का ते? लई उपकार झाले भाऊ. तिनं सांगितलं आमाला, रेडिओवाल्या दादानं पाणी दिलं, पोटभर पेले म्हणून."

याला काही कळेना. मग आतून सटवाची आई आली, कडूबाई. वाकलेली म्हातारी. तिनं सांगितलं. ट्रकमध्ये बाटलीत थोडं पाणी उरलं होतं. सून रिकामा कॅन घेऊन परत आली आणि म्हणाली, तिथंच पोटभर पेले, कॅनपुरतं त्यांच्याकडं नव्हतं, आत्याबाई, हे तुमी प्या. "मी पेले बाबा. समदं पेले. ती पेलेली व्हती म्हणून पेले."

आता सांगा, कसं बोलणार तो? त्यानं खरं सांगितलं तर त्याचं ओझं उतरणार, आणि ते या म्हातारीच्या डोक्यावर बसणार, की सून माझ्यापायी तहानलेली गेली. बद्रीनाथ गप्प बसला. त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, त्यातला घोटही त्याला गिळवेना. निघताना सटवा म्हणाला, "भाऊ, तिला शेवटचं पाणी तुमच्या हातचं. आखितीला तिच्या नावाचा करा तुमीच भरा."

करा म्हणजे मातीचा घट, ते तुम्हाला ठाऊक आहे. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी भरून ठेवतो, ते त्याला पोचतं म्हणतात. घरात धाकल्यानं भरायचा. पण सटवाला वाटलं, हाच हात खरा मानाचा.

आखितीला मी नेलं त्याला, माझ्या मोटारसायकलवर. वाटेत त्यानं हे सगळं मला सांगितलं. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, "बद्री, करा भरायच्या आधी बोलून टाक. न्हाईतर भरू नको." तो म्हणाला, "म्हातारी मरंल रे." मी म्हणालो, "आन् तू?" तो म्हणाला, "गाडी काढ."

अंगणात लिंबाखाली जागा सारवलेली. बद्रीनाथनं आष्टीच्या कुंभाराकडून नवा करा आणला होता. पाणी काठोकाठ ओतलं, वर आंबा ठेवला, हात जोडले. मी त्याच्याकडं बघत होतो. आता बोलेल... आता बोलेल...

नाही बोलला.

जेवणं झाली. उन्हाचा नुसता जाळ. ऊन उतरायच्या सुमारास कडूबाई काठी टेकत कऱ्यापाशी आली. आम्ही दोघं ओट्यावर. म्हातारी खाली बसली. मग मान न वळवता म्हणाली,

"बाबा, एक इचारू?"

"इचारा आजी."

"ती पेली व्हती नव्हं?"

बद्रीनाथनं एकदा कऱ्याकडं पाहिलं.

"पेली व्हती, आजी. तांब्याभर."

"मंग बरं," म्हातारी म्हणाली. आणि तिनं कऱ्याला हात लावला.

नवा करा कसा पाझरतो? पाणी भरलं की घटकेत बाहेरून घामेजतो, खालची माती ओली होते. हा सकाळपासून भरलेला होता.

कोरडा. ठणठणीत कोरडा. खालची माती उडेल अशी. म्हातारीनं आंबा बाजूला केला, आत पाहिलं.

पाणी काठोकाठ. एक थेंब कमी नाही.

तिनं हात मागं घेतला. पदराला पुसला. बद्रीनाथकडं एकदा पाहिलं... फक्त पाहिलं. आणि उठून आत गेली. बाहेर आलीच नाही, आम्ही निघालो तरी.

कडूबाई त्याच पावसाळ्यात गेली. बद्रीनाथ आहे अजून, पुण्यात पोराकडं असतो, कुणाच्या हातचं पाणी पीत नाही, स्वतः उठून घेतो.

मी गेल्या आखितीला सटवाकडं गेलो होतो. करा अजून लिंबाखाली तिथंच आहे. त्या दिवसापासून त्यात कुणी पाणी घातलेलं नाही, शेजारच्या कोंबड्यासुद्धा त्यात चोच घालत नाहीत. मी वाकून पाहिलं.

काठोकाठ होता.