एकही धागा तुटला नाही

"माझा नवरा दारूच्या थेंबालाही शिवत नाही हो!" बाईला रडू फुटलं आणि मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे केला.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, गुप्तहेर ताईंच्या मागे वही घेऊन हिंडणारे भाबडे गृहस्थ. समोर कुणी रडलं की हे विरघळलेच.

बाईचा नवरा कृत्रिम रेशमाच्या गिरणीत, कताई खात्यात होता. काल भर दुपारी यंत्रापाशी कोसळला. मग त्याच्या कपाटात दारूची बाटली सापडली. उद्या चौकशी. एकदा दारुडा म्हणून शिक्का बसला, की दुसरी कुठलीही गिरणी त्याला दारात उभं करणार नव्हती.

"त्याआधी काही जाणवलं?" ताईंनी विचारलं.

बाई घुटमळली. "चार महिने झाले, हातांना मुंग्या येतात, कप पडतात. झोकांड्या जातात. लेकीवर उगाच खेकसतात. खरं सांगू? मलाही वाटलं, लपून पितात की काय."

दवाखान्यात तो ग्लानीत पडला होता. ताईंनी त्याच्या बोटातली काळीठिक्कर अंगठी निरखली.

"लोखंडाची?" मास्तरांनी विचारलं.

"चांदीची!" बाई दुखावली. "परवाच घासून लख्ख केली होती मी."

गिरणीच्या फाटकाशी त्याचा जोडीदार भेटला, लाल डोळे चोळत. "काल काय काम झालं सांगू! एरवी पंख्याच्या झोताने ओला धागा तासाला दहादा तुटतो. काल एकही तुटला नाही. मी दाराशी होतो, हा आत मधल्या यंत्रावर. आणि नेमका हाच पडावा?"

खात्याचा मुकादम मात्र ठाम होता. "वीस वर्षं काढलीत इथे. लांबूनच भपकारा आला मला. दारूच!"

"आणि गॅस ओढून घेणारा पंखा?"

"दिवसभर चालू होता."

एवढ्यात मास्तरांच्या नाकाला काहीतरी झोंबलं. ते धावत शेजारच्या खोलीत गेले आणि शेगडी बंद केली. "अहो, चहाचं दूध करपून कोळसा झालं की!"

"हो का?" मुकादम दचकला.

बाहेर येताच मास्तर हळहळले. "संपलं, ताई. त्याने स्वतः वास घेतलाय."

"मास्तर, तुमचं नाक भलतंच हुशार आहे. डोक्याशी त्याची बोलचाल नाही, एवढंच."

संध्याकाळी ताईंनी बाईला आणि जोडीदाराला मुकादमाच्या खोलीत बसवलं.

"दारूने चांदी काळी पडत नाही," त्या म्हणाल्या. "या खात्यातल्या गॅसने पडते. काल तो इतका का साठला? कारण पंखा बंद होता. म्हणूनच एकही धागा तुटला नाही. आणि चार महिन्यांच्या झोकांड्या? धागा बनवायच्या रसायनाची वाफ नसांवर उतरते, डोक्यावरही. दवाखान्यात कुणी याचं काम काय ते विचारलंच नाही."

मग त्या मुकादमाकडे वळल्या. "वीस वर्षांत या हवेने तुमचं नाक मारलंय. शेजारच्याच खोलीत दूध करपलं, तुम्हाला कळलं नाही. मग दारूचा भपकारा कसा कळला? बाटली तुम्हीच ठेवलीत."

मुकादमाने उठून दार लोटून घेतलं. "माल वाढवा, म्हणून वरून सारखा तगादा. पंखा मीच बंद केला. तो पडला, तशी माझी गाळण उडाली. वर्ष झालं, मला कसलाच वास येत नाही. बायको विचारते, भाजी कशी झालीय. मी आपलं छान म्हणतो."

बाई उठली. आता ही त्याच्या थोबाडीत देणार, असं वाटून मास्तरांनी डोळेच मिटले.

"हातांना मुंग्या येतात तुमच्या?" तिने विचारलं.

मुकादमाने मान डोलावली.

"यांचंही तिथूनच सुरू झालं. उद्या चौकशीत सगळं खरं सांगा, आणि तसेच दवाखान्यात या. बायकोला घेऊन या."

ते दवाखान्यात परतले तेव्हा नवरा शुद्धीवर आला होता. बाईने रडत रडत त्याला सगळं सांगितलं. "माझं चुकलं हो. मी तुमच्यावर संशय घेतला."

त्याने तिचा हात हातात घेतला.

"अगं, मलाही वाटायला लागलं होतं," तो म्हणाला, "मी पितो आणि विसरतो की काय."