तिसऱ्या बाटलीचा रंग

नागवेणीची तिसरी बाटली पिवळी झालीच नाही.

म्हैसूरच्या सभागृहात देशभरातल्या सहावी ते आठवीच्या मुलांचे प्रयोग मांडले होते. परीक्षणाचा शेवटचा दिवस. पावगडा भागातल्या खेड्यातून आलेल्या नागवेणीकडे तीन बाटल्या होत्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत तेच तिच्या विटेच्या गाळणीतून गाळलेलं, तिसरीत गावच्या शुद्ध पाणी केंद्राचं. रसायनाचे थेंब टाकले की फ्लोराइडचं पाणी पिवळं पडतं, चांगलं पाणी गुलाबी होतं. केंद्राचं पाणी बोअरइतकंच वाईट, असं तिने तक्त्यावर ठळक लिहिलं होतं.

परीक्षकांसमोर ते गुलाबी झालं.

“काल पिवळं होत होतं,” ती म्हणाली.

“काहीतरी सनसनाटी लिहायचं म्हणून लिहिलं,” एक परीक्षक पुटपुटले आणि पुढे सरकले.

मुख्य परीक्षक वनजाक्षी मागे राहिल्या. पस्तीस वर्षं त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं होतं. त्यांनी तिसरी बाटली उचलून पाहिली, खाली ठेवली आणि ओला तळवा पदराला पुसला. बाकीच्या दोन्ही बाटल्या कोरड्या होत्या.

त्या दारावरच्या पहारेकऱ्याकडे गेल्या. “सकाळी मुलांच्या आधी आत कोण आलं?”

“दोघंच, अम्मा. हैदराबादचे रावसाहेब आणि या मुलीचे मेष्ट्रु, शाळेतले रुद्रय्या मास्तर.”

वेणुगोपाळ राव शेजारच्या टेबलावरच्या मुलाचे वडील. ते चिडलेच. “मी हॉटेलातून रिक्षाने थेट आलो. पोराच्या वायरी सैल झाल्या होत्या. हात बघा, चिकटपट्टीशिवाय काही नव्हतं माझ्याकडे.”

“आणि तुम्ही, रुद्रय्या?”

“शिक्षकांच्या भोजनगृहात इडली खाल्ली, मॅडम. मग टेबल पुसायला आलो.” रुद्रय्या मास्तर हसले. “पोरगी हुशार आहे, पण उतावळी. मोजताना चुकली असेल.”

“भोजनगृहात थंड पाण्याचं मशीन आहे ना?”

“आहे की.”

“हॉटेलात उतरलेल्या पालकांना तिथे जाता येतं?”

मास्तरांचं हसू ओसरलं.

वनजाक्षींनी त्यांना, नागवेणीला आणि स्पर्धेच्या सचिवांना कार्यालयात बसवलं.

“रात्रभर टेबलावर असलेल्या बाटलीला घाम फुटत नाही,” त्या म्हणाल्या. “तिसरीत सकाळी गार पाणी भरलं गेलं. ते फक्त भोजनगृहात मिळतं. शिवाय रावांना हिला पाडायचं असतं, तर त्यांनी गाळणी बिघडवली असती. गाळणी धड आहे. बदललं ते फक्त केंद्राचं पाणी. केंद्र निर्दोष ठरावं असं कुणाला वाटतं? नागवेणी, केंद्राच्या पाण्याचा दाखला दर महिन्याला कोण देतं?”

नागवेणीने मास्तरांकडे पाहिलं. “सरच. केंद्राच्या समितीचे ते चिटणीस आहेत.”

वनजाक्षी मास्तरांकडे वळल्या.

“दोन वर्षांपूर्वी एकदा तपासलं होतं,” रुद्रय्या खालच्या आवाजात म्हणाले. “पिवळं झालं. आमदारांनी उद्घाटन केलेलं केंद्र. मी काय बोलणार? नंतर तपासलंच नाही. नुसत्या सह्या केल्या.”

“तुमच्या घरी कुठलं पाणी पितात?” वनजाक्षींनी विचारलं.

“तालुक्याहून कॅन येतो.”

सचिव खाकरले. “मूळ पाणी तर ओतून टाकलंय. पुन्हा तपासणार काय? निकाल बदलता येणार नाही. मुलीला सहभागाचं प्रमाणपत्र देऊ. बाहेर बोभाटा नको.”

“बोभाटा मी करणार आहे,” वनजाक्षी म्हणाल्या. “उद्या हिला घेऊन गावात जाते. चव्हाट्यावर तपासू.”

नागवेणीचं लक्ष त्या बोलण्याकडे नव्हतं. तिची धाकटी बहीण कमळी सहा वर्षांची, फ्लोराइडच्या पाण्याने गुडघे आत वळलेले. बोअरचं पाणी नको, केंद्राचंच पाजा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“मेष्ट्रे,” ती म्हणाली, “कमळीसाठी मी दोन वर्षं रोज केंद्रावरून घागर आणली. तुम्ही वाटेत भेटायचात. शाबास म्हणायचात.”

रुद्रय्यांनी मान वर केली नाही.

“एकदा तरी म्हणायचं होतंत, नको नेऊ.”