बिनकागदी पार्टी

“श्वास घ्या... रोखा.”

एवढं म्हणून मी काचेमागं गेले, बटण दाबलं, आणि तेवढ्यात बाहेरच्या रांगेत नंबरावरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली. ते मिटवून परत आले तर हा माणूस तसाच! छाती प्लेटला चिकटलेली, हनुवटी वर, चेहरा लालबुंद.

“अहो, सोडा ना श्वास!”

त्यानं सावकाश सोडला आणि हसला. “तुमी म्हनल्याच नाई ना म्याडम, सोडा म्हनून.”

“जीव गेला असता म्हणजे?”

“क्लॅरनेट वाजवतो मी. दम राह्यते माह्याजवळ.” मग शर्टाची बटणं लावत, माझ्याकडे न बघता... “पन एवढा वेळ कोनासाठी रोखला नव्हता आजवर.”

वर्ध्याच्या त्या दवाखान्यात एक्स-रे काढायला लागून मला दीड वर्ष झालं होतं. शेकडो छात्या पाहिल्या, पण माझ्या छातीत धडधडलं ते पहिल्यांदाच. नाव विचारलं – कागदावर लिहायला म्हणून. अश्वजित. राहणार सेलू. वय सव्वीस.

“मंगळवारी सेलूले येजा,” तो दारातून म्हणाला. “हेमराजच्या गोदामात बसतो आमी. बिनकागदी पार्टी.”

“बिनकागदी काऊन?” माझ्याही तोंडून घरचीच बोली निघाली.

“गान्याचा कागदच नाई ना. एक जन सुरू करते, बाकीचे मांगं मांगं. कुठं जाऊन राह्यलो ते आमालेच मालूम नसते.”

तो गेला. अंधाऱ्या खोलीत मी फिल्म धुतली. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला डाग होता, रुपयाएवढा. असे डाग मला ओळखू येत. पण सांगायचं काम डॉक्टरांचं, माझं काम फिल्म वाळत घालायचं. मी ती वाळत घातली, आणि मंगळवारी सेलूला गेले.

सप्टेंबर अठ्ठ्याण्णव. बाहेर भुरभुर होती म्हणून गोदामाचं शटर अर्धं ओढलेलं, आत तीस-चाळीस माणसं खेटून बसलेली. किराणावाल्याचा मुलगा हेमराज पेटीवर. ढोलकीवर लहानूदादा, जिनिंगमधला हमाल. तो आणि अश्वजित पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये होते. तीच ती गाणी वाजवून कंटाळले आणि सुटले. इथं कुणीही घुसावं. कुणी ताट वाजवे, कुणी नुसत्या टाळ्या. लहानूदादाची बायको धुरपता चाळणीत तुरीचे दाणे उडवून असा काही ताल धरायची की पेटी मुकाट तिच्यामागं जायची! लहानूदादा मधूनच खोकायचा. “कापसाची धूळ हाय वो बाई,” म्हणायचा, आणि त्या खोकल्यावरच ठेका उचलून पुढं निघायचा. लोक हसायचे. मीही हसले.

मग अश्वजितनं एक सूर लांबवला... लांबवला... आणि तोडला. सगळं गोदाम थांबलं. त्यानं माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी ओठातल्या ओठात म्हटलं – सोडा. आणि तो सूर आला!

मी त्याच क्षणी त्याची झाले. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

शुक्रवारी डॉक्टरांनी त्याला क्षयाचं सांगितलं. मी फिल्म धरून शेजारीच उभी होते.

“घरी कोण? कुणाबरोबर उठबस? त्या सगळ्यांना तपासायला लागेल.”

“कोनी नाई साहेब. एकटाच राह्यतो.” त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं.

मी फिल्म पाकिटात सरकवली.

बाहेर सायकल स्टँडवर मात्र गाठलं त्याला. “खोटं काऊन बोलला?”

“सांगितलं तर कोन बसन माह्याजवळ? पार्टी मोडन, पौर्णिमा.” पहिल्यांदा नाव घेतलं त्यानं. “गोळ्या घेतो ना. रोज. तूच देत जा...”

चाळीस माणसं आणि अर्धं ओढलेलं शटर माझ्या डोळ्यांसमोर होतं. एक शब्द पुरला असता. पण मंगळवार जाईल या भीतीनं माझी जीभ उचलली नाही. आता तो माझाही मंगळवार होता ना!

गोळी त्यानं एकही चुकवली नाही. आणि पार्टी वाढत गेली. कुणीतरी टेप करून घेतलं, त्या कॅसेटी एसटीच्या कंडक्टरबरोबर गावोगाव फिरल्या. केळझरनं बोलावलं, मग अल्लीपूरनं. गावानं भाजी-पोळी घालायची, पार्टीनं बसायचं, एवढाच करार. माणसं ट्रॅक्टर करून मागोमाग यायची. डिसेंबरात अल्लीपूरच्या बाजारात तीनशे माणसं होती, आणि त्या गर्दीत अश्वजितनं माझा हात धरला. बरा दिसत होता. गालावर मांस चढलं होतं. मला वाटलं, जिंकलो आपण.

तेवढ्यात ढोलकी थांबली. लहानूदादानं तोंडाला धरलेला रुमाल लाल झाला होता.

सोमवारी अश्वजित त्याला दवाखान्यात घेऊन आला, छातीचा फोटो मीच काढला. दोन्ही फुफ्फुसं गेलेली. डॉक्टर दोघांकडे बघून म्हणाले, “जुनं दुखणं आहे. याचं त्याला लागलं की त्याचं याला, कोण सांगणार? सप्टेंबरात आला असता तर वाचवला असता.”

लहानूदादा फेब्रुवारीत गेला.

अश्वजितचा कोर्स पुरा झाला, पण उजवी बाजू आकसली ती आकसलीच. दहा पावलांत धाप लागे. क्लॅरनेट त्यानं देऊन टाकलं. “फुकता येत नाई आता मले,” तो म्हणाला. “तुह्या काय कामाचा मी?”

“मी वाजवनाऱ्यावर जीव लावला व्हय? तुह्यावर लावला. लगन करीन तं तुह्यासंगच.” मला रडू फुटलं. “पन पहिले धुरपताबाईले सांगू. सारं.”

धुरपताबाई अंगणात तूर पाखडत होती. आम्ही सांगत होतो. डॉक्टरांनी विचारलं ते, तो खोटं बोलला ते, मी गप्प राहिले ते. सूप थांबलं नाही.

“दोघायलेबी मालूम होतं?” तिनं शेवटी विचारलं.

“हाव.”

तिनं आणखी दोनदा पाखडलं. मग सूप खाली ठेवलं. “करा लगन. तुमी नाई केलं तं तो थोडाच वापस येते? पन माह्या दारावरून वाजत नोका जाऊ.”

मे महिन्यात सेलूच्या विहारात आमचं लग्न लागलं. केळझर, अल्लीपूर, सगळीकडची माणसं आली, अडीचशेच्या वर. हेमराजला मी एवढंच सांगितलं होतं, वाजवायचं नाही. का, ते त्यानं विचारलं नाही. धुरपताबाई आली नाही.

विहारातून अश्वजितच्या घराचा सरळ रस्ता तिच्या दारावरून जातो. रस्त्याचं मी कुणालाच बोलले नव्हते. तरी चौकात येताच पुढची माणसं ते दार टाळून आपणहून कालव्याकडे वळली. मागचेही वळले. अर्धा कोस लांबचा रस्ता, वर वैशाखाचं ऊन, आणि एवढ्या माणसांत चपलांशिवाय कसला आवाज नाही. मी अश्वजितचा हात घट्ट धरला होता. कालव्यावर त्याला दोनदा दम लागला. दोन्ही वेळा तो थांबला, आणि सगळेच थांबले.