एक्केचाळीस नंबरची चकती

परीक्षण समितीच्या सन्माननीय सदस्यांनो, हा माणूस माझ्या खोलीत तुम्ही पाठवलात. मी बोलावला नव्हता. नियम तुमचा, सही तुमची, शिक्का तुमचा, आणि आता 'घडल्या प्रकाराचा सविस्तर खुलासा करावा' हे पत्रही तुमचंच. घ्या खुलासा. सविस्तर मागितलाय, तेव्हा मधलं काही गाळणार नाही. लाज वाटली तर तुम्ही पानं उलटा.

मी तंत्रज्ञ. अकरा वर्षं पेशींच्या खोलीत काम करते. डिग्री नाही. जे येतं ते विभागप्रमुख सरांनी रद्दीत काढलेले अंक वाचून आणि शंभरदा चुकून शिकले. माझं काम कोलॅजनचं. आपली कातडी, सांधे, सगळं ज्या धाग्यांनी धरून ठेवलंय, ते कोलॅजन. बर्फावर ठेवलं की पाण्यासारखं पातळ. जरा ऊब लागली की थिजलं. मी त्यात कातडीतल्या जिवंत पेशी मिसळते आणि नाण्याएवढ्या चकत्या ओतते. कडेनं सुई फिरवून चकती मोकळी केली, की पेशी आतून धागे खेचतात आणि चकती आवळत जाते. जखम भरताना अंगात हेच होतं. खेचणं फार झालं की व्रण राहतो. कुठल्या औषधानं हे खेचणं कमी होतं, ते आम्हाला शोधायचं होतं.

आता चकती किती आवळली हे पट्टी सांगते. कशी आवळली, हे डोळाच सांगतो. आणि डोळा माझा होता. माझे वडील घड्याळजी. भिंग लावून कसं बघायचं ते मला शाळेआधी आलं. सर म्हणाले, "यंदा सगळ्या चकत्यांना गुण तू द्यायचेस. जमलं तर लेखावर पहिलं नाव तुझं." अकरा वर्षं माझं नाव लेखाच्या शेपटाला, आभारात यायचं. एकदा तर उंदरांच्या पिंजऱ्यांच्या कंपनीनंतर आलं होतं. पहिलं नाव... मी त्या दिवशी घरी चालत गेले, बस दिसूनही.

पण तुम्ही आडवे आलात. एका बाईच्या डोळ्यावर कसा विश्वास ठेवायचा? दुसरा गुण देणारा हवा, तोही बाहेरच्या विभागातला, कुठल्या चकतीत काय आहे हे माहीत नसलेला. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे; शून्य म्हणजे आवळलीच नाही, एक म्हणजे पुरती आवळली. दोघांच्या गुणांत शून्य पूर्णांक दोनपेक्षा जास्त फरक पडला, तर शुक्रवारी समोरासमोर बसून चर्चा करायची. नियम क्रमांक नऊ. तुमचाच.

माझ्या दारावर मोठ्या अक्षरात 'आत येऊ नये' लिहिलंय. तो आत आला.

माझ्या हातात बर्फाचा ट्रे, ओतायला मोजून चार मिनिटं. तो दारात उभा, एका हातात गळकी छत्री, कोपराला खडूची पूड.

"नमस्कार, मी गणित विभागा—"

"बोलू नका. श्वाससुद्धा तिकडे तोंड करून घ्या."

त्यानं खरंच भिंतीकडे तोंड केलं. चार मिनिटं. शेवटची चकती ओतून मी झाकण लावलं आणि म्हटलं, "हं, बोला आता."

"विसरलो," तो म्हणाला. "इथे आल्यावर बाहेरचं काही आठवतच नाही."

"छत्री आत कशाला आणलीत?"

"बाहेर ठेवली की कोणीतरी नेतं."

"आत ठेवली की मी फेकते."

त्यानं छत्री बाहेर ठेवली. संध्याकाळी ती गेलेलीच होती, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मी माझी दिली. उपकार म्हणून नाही. भिजून तापानं पडला असता तर गुण कोणी दिले असते?

दर आठवड्याला अठ्ठेचाळीस चकत्यांचे फोटो. गुरुवारी तो त्याच्या खोलीत गुण लिहायचा, मी माझ्या. पहिल्या शुक्रवारी नऊ चकत्यांवर भांडण झालं.

"ही जास्त आवळलीय, हिला वरचे गुण," मी म्हटलं.

"पण ती दुसरी सारखी आवळलीय. चहूबाजूंनी."

"मग कुठली वर?"

"कुठलीच नाही."

"हे उत्तर झालं?"

"हेच तर उत्तर!" आणि तो उठून माझ्या फळ्यावर ठिपके काढायला लागला. हे फझी जालकाचं गणित, तो म्हणाला, मी त्याच्यावरच काम करतो. काही गोष्टी एकमेकींच्या खाली-वर लागतच नाहीत. ओढूनताणून लावल्या तर खोटं होतं. पण कुठल्याही दोघींच्या वर बसणाऱ्या जागा असतात, आणि त्यातली सगळ्यात जवळची एक नेमकी जागा असते. आणि तिथेही हो किंवा नाही एवढंच नसतं. शून्यापासून एकपर्यंत पायऱ्या असतात. "तुम्ही 'जराशी रुसलीय', 'निम्मी रुसलीय', 'फुगूनच बसलीय' असं जे लिहिता ना, ते चुकीचं नाही. तेच गणित आहे. तुम्ही ते न शिकता करता."

माझ्या वहीतल्या शब्दांना आजवर सगळे हसले होते. हा त्यांच्याकडे वाकून बघत होता... मी चटकन चकतीकडे बघितलं. कान मात्र गरम झाले होते. खोटं कशाला सांगू.

आमच्या काचा धुणाऱ्या काकूंनी त्याचं नाव 'दशांश' ठेवलं, कारण चहा किती हवा विचारलं तर तो म्हणाला होता, "पाऊण. नाही... शून्य पूर्णांक सात."

"काय गं," काकू म्हणायच्या, "दशांशाचा शुक्रवार आला की तू केस का विंचरतेस?"

"मी रोज विंचरते."

"रोज बांधतेस. विंचरतेस शुक्रवारी."

दुसऱ्या शुक्रवारी सहा चकत्या. तिसऱ्या शुक्रवारी चार. चौथ्याला दोन, आणि त्या दोन संपवायला संध्याकाळ झाली. त्या संध्याकाळी त्यानं मला न विचारता 'तू' म्हटलं, मग जीभ चावली. मी म्हटलं, "चावू नकोस, लागेल."

पाचव्या आठवड्यात एकही फरक नाही. त्याला माझा डोळा कळला होता, मला त्याचा हात. शुक्रवार रिकामा गेला. सहावाही. मी केस विंचरले आणि परत बांधले.

सातव्या आठवड्यात बारा नंबरवर फरक निघाला. मला इतकं बरं वाटलं, की बारा नंबरकडे नीट बघितलंच नाही. माझी चूक, लिहून घ्या. अर्धा तास वाद घालून तो म्हणाला, "हं, तुझंच बरोबर." आठव्यात एक, नवव्यात एक. दर वेळी थोडं भांडण, मग तुझंच बरोबर, मग चहा. इतका शहाणा पुरुष मी पाहिला नव्हता. तेव्हाच संशय यायला हवा होता.

दहावा आठवडा शेवटचा. शुक्रवारी सकाळी मी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. एक्केचाळीस नंबरची चकती: माझा गुण शून्य, त्याचा शून्य पूर्णांक आठ.

एक्केचाळीसमध्ये पेशीच नव्हत्या. प्रत्येक खेपेला एक रिकामी चकती घालतात, नुसतं कोलॅजन, तुलनेसाठी. खेचायला आत कोणीच नाही, म्हणून ती आवळत नाही. ओतली तशी काठोकाठ पसरून बसते. हे त्याला सांगितलेलं नव्हतं, पण डोळे तर होते! पोळपाटाएवढी पोळी बघून 'आक्रसलीय' कोण म्हणेल?

तो आला. कोपराला खडू, आणि माझी छत्री अजून त्याच्याकडेच.

"एक्केचाळीस," मी म्हटलं.

त्यानं फोटोकडे बघितलंही नाही. "ती पूर्ण पसरलेली आहे. शून्य."

"मग आठ कुठून आणलेस?"

"दोन शुक्रवार रिकामे गेले," तो हळूच म्हणाला. "तिसरा जाईल अशी भीती वाटली. म्हणून सातव्या आठवड्यापासून... दर वेळी एक आकडा चुकवला. फरक नक्की पडायला हवा, म्हणून तू काय देशील याची मला पक्की खात्री असलेली चकती निवडायचो. एक्केचाळीसला तू शून्यच देणार, यात शंकाच नव्हती."

"पण आठ?"

"शून्य पूर्णांक तीनच्या फरकानं अर्धा तास मिळायचा," तो म्हणाला. "आज शेवटचा शुक्रवार. मला पूर्ण दुपार हवी होती."

सदस्यहो, कुणा बाईला याहून गोड काही कोणी म्हटलं असेल तर कळवा. आणि याहून संतापजनकही. मी त्याला बाहेर काढलं. माझ्या छत्रीसकट. "शुक्रवार हवा होता तर तोंडानं मागायचास! माझं अकरा वर्षांत पहिल्यांदा नाव लागणार होतं, त्यात तू खोटे आकडे कालवलेस!"

दाराबाहेरून तो म्हणाला, "खरे आकडे माझ्या वहीत आहेत. आधी खरा लिहायचो, शाईनं, तारीख घालून. मग खोटा."

"वही चाटायची आहे मला?"

त्यानं वही दाराखालून सरकवली. मी ती तासभर उचलली नाही. मग उचलली. चारच खोटे आकडे, आणि प्रत्येकाशेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: 'हे चूक आहे. मला माहीत आहे. तरीही.'

सरांनी सोपा मार्ग सांगितला. "चार आकडे वहीतले घाल, झाकण लाव, पुढे चल. कोणाला कळणार आहे?" मला कळणार होतं. रिकामी चकती कशाला घालतात, सर? आपण आपल्यालाच फसवू नये म्हणूनच ना? मी त्याच दिवशी तुम्हाला सगळं लिहिलं. त्यानंही लिहिलं, वेगळ्या कागदावर, माझ्याआधी एक तास. दोन्ही पत्रांवर तुमच्या आवक विभागाचा शिक्का आहे, वेळेसकट. बघा.

तुम्ही म्हणालात, सगळे चारशे ऐंशी फोटो तिसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासा. बाहेरच्या विभागांत कोणालाच फुरसत नव्हती. काकू म्हणाल्या, "मी बघते. तीस वर्षं काचेवरचा डाग शोधतेय, मला नाही दिसणार?" तुम्ही बाहेरचा माणूस मागितला होता; काकू भांडारखात्याच्या, आमच्या विभागाच्या नव्हेतच. त्यालाही मंजुरी तुमचीच. "पण माझ्या काचा कोण धुणार?" काकूंनी विचारलं.

तो धुवायला आला. तीन आठवडे. डॉक्टरेट असलेला माणूस, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, वाफेनं आंधळा झालेला चष्मा. पहिल्याच दिवशी दोन चंचुपात्रं फुटली.

"एवढं शिकून बाटली धरता येत नाही रे दशांशा?"

"शिकवा ना, काकू."

"मान धर. अशी नाही! कोंबडी आहे का ती?"

मी दहा दिवस त्याच्याशी बोलले नाही. अकराव्या दिवशी काचा इतक्या लखलखीत आल्या, की मी आत जाऊन म्हटलं, "बऱ्या निघाल्यात." बाराव्या दिवशी म्हटलं, "छत्री कुठाय माझी?" त्यानं हातमोज्यानंच कोपऱ्यात बोट दाखवलं. दुमडून, बांधून, मोडलेली काडी दुरुस्त करून ठेवलेली होती. ती काडी माझ्याकडे असल्यापासून मोडलेली होती.

काकूंचे गुण आले. चारशे ऐंशीपैकी चारशे एकाहत्तर माझ्याशी जुळले, आणि त्याच्या वहीतल्या चारही खऱ्या आकड्यांशी. एक्केचाळीसपुढे काकूंनी शून्य घालून खाली लिहिलं होतं, 'आंधळ्यालाही दिसेल.'

त्या दुपारी धुण्याच्या खोलीत मी काचा मोजून घेत होते. बाहेर पाऊस, आत वाफ.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"शुक्रवार नाही आज."

"म्हणूनच विचारतोय." त्यानं एक हातमोजा काढला, दुसरा निघेना. "तू आणि मी... आपण एकमेकांच्या खाली-वर लागत नाही. मी लावूनही पाहिलं. तुझा डोळा, माझी डिग्री, तुझा राग, माझा... जाऊ दे. पण दोघांच्याही वर, सगळ्यात जवळ, एक जागा असते, आणि मला वाटतं की—"

"सरळ बोल. पाणी वाहतंय."

त्यानं नळ बंद केला. "माझ्याशी लग्न करशील?"

"किती खात्री आहे?"

"एक. दशांशचिन्ह नाही."

"आकडा खरा आहे, की दुपार मिळवायला?"

"वहीत बघ."

वहीच्या शेवटच्या पानावर, जिथवर मी कधी गेलेच नव्हते, शाईनं, तारीख घालून एक लिहिलेला होता. तारीख मी त्याला छत्री दिली त्या दिवसाची. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, वडिलांची सवय. त्याचा दुसरा हातमोजा ओढून काढला आणि होय म्हटलं. सगळं मिळून एक मिनिट. दाराआडून काकू म्हणाल्या, "आता तरी काचा पुसा!"

घरी वडिलांनी विचारलं, "माणूस कसा आहे?" मी म्हटलं, "खोटं बोलतो, पण खरं आधी लिहून ठेवतो." ते भिंग डोळ्यावरून काढून बराच वेळ हसले. मग म्हणाले, "रविवारी आण. उघडून बघू."

आणि मग तुमचं पत्र आलं. गुण ग्राह्य, निष्कर्ष ग्राह्य, लेख ग्राह्य. मात्र 'गुणांकनातील अनियमितता व दोघांमधील वैयक्तिक संबंध लक्षात घेता' माझं नाव लेखकांतून काढून आभारात घालावं. त्याचं नाव राहावं, कारण तो 'पदवीधर संशोधक' आहे. दोघांमधील संबंध, आणि नाव एकाचंच काढायचं? खोटे आकडे त्यानं लिहिले. पकडले मी. कळवले दोघांनी. त्यानं स्वतःचं नाव काढा म्हणून तुम्हाला तीन अर्ज दिलेत, तिसरा चांगल्या अक्षरात. तो ते लपवत नाही. मी का लपवू? वैयक्तिक संबंध आहेत. पुढच्या महिन्यात कागदोपत्रीही होतील. पण चकत्या ओतल्या तेव्हा माझे हात बर्फात होते, कुणाच्या हातात नव्हते.

ते पत्र आलं त्याच दिवशी मी एकच प्रश्न लिहून पाठवला, आणि उत्तराऐवजी तुम्ही खुलासा मागितलात. तेव्हा तोच पुन्हा विचारते. ज्या चारशे ऐंशी गुणांना तुम्ही स्वतः ग्राह्य म्हणता, ते ज्या बाईनं दिले तिचं नाव पहिलं लागणार आहे की नाही?

त्याच्या प्रश्नाला मी एका मिनिटात उत्तर दिलं, आणि तो जन्माचा प्रश्न होता. माझा प्रश्न तुमच्याकडे जाऊन पाच आठवडे झालेत.

उत्तर द्या.